चेचेन्या: राजा नसलेल्या मुलखाची झुंज

देवराई

चेचेन, म्हणजे रशियाच्या दक्षिणेकडच्या कॉकेशस डोंगरांतले लोक, म्हटलं की आपल्यापुढे एक तर बंदूकधारी अतिरेकी उभा राहतो, नाहीतर हल्ली मोबाईलवर फिरणाऱ्या व्हिडिओंतले चेचेन्याचा सत्ताधीश कादिरोव्ह याचे शिपाई. त्यावर ‘जन्मजात लढवय्ये’ असा शिक्का मारला की विषय मिटतो. कॉकेशसचा इतिहास मिळेल तिथून वाचायचा मला नाद आहे, आणि हा शिक्का मला दिवसेंदिवस जास्त खटकू लागलाय. लढवय्ये म्हणाल तर त्या डोंगरांत सगळेच होते: अवार, चेर्केस, कबार्दी, इंगुश. मग झारपासून पुतिनपर्यंत जवळजवळ प्रत्येक राजवटीला चेचेन मुलूख नव्याने का जिंकावा लागला?

मला याचं उत्तर तलवारीपेक्षा त्यांच्या समाजाच्या घडणीत जास्त सापडतं. चेचेन लोकांना राजा नव्हता. सरदार-जहागीरदारही नव्हते. मैदानी भागात कुमिक आणि कबार्दी सरदारांनी काही काळ अंमल बसवला होता, तोही त्यांनी झुगारून दिला. शेजारच्या कबार्दात सरदार होते, दागिस्तानात खान होते, जॉर्जियात तर राजाच होता. तिथे रशियाची रीत ठरलेली असे. वरच्या माणसाला हुद्दा द्यायचा, तनखा बांधून द्यायचा, त्याचा मुलगा ओलीस ठेवायचा, की त्याच्यामागून रयतही आपोआप आली. चेचेन्यात तनखा द्यायचा कुणाला? तिथे होते तैप, म्हणजे कुळं, शंभराहून जास्त. गावचा निर्णय वडीलधारे बसून घेत. सगळ्या मुलखाचा प्रश्न असला तर मेह्क-खेल ही पंचांची सभा भरे. एका गावाने तह केला म्हणून शेजारच्या गावाने तो पाळलाच पाहिजे असं नसे. रशियन अधिकाऱ्यांना हा विश्वासघात वाटे, पण चेचेनांच्या लेखी तो साधा व्यवहार होता: आमच्या वतीने शब्द द्यायचा अधिकार तुम्ही दिलात कुणाला?

ही गोष्ट दगडातही दिसते. अर्गुनच्या खोऱ्यात आजही जुने लढाऊ बुरूज उभे आहेत. पाया जेमतेम पाच-सहा मीटरचा, उंची मात्र वीस-पंचवीस मीटर, वर जाताना निमुळता होत जाणारा चौकोनी बुरूज आणि माथ्यावर पायऱ्या-पायऱ्यांचं दगडी छप्पर. दार जमिनीवर नसतंच, ते वरच्या मजल्यावर. शिडी लावून चढायचं आणि शिडी आत ओढून घ्यायची. भिंतींना बाणांसाठी, नंतर बंदुकांसाठी फटी, आणि अगदी वर चारी बाजूंना पुढे काढलेले सज्जे, खालच्या माणसावर दगड टाकायला. हा किल्ला राजाचा नाही, एका कुळाचा. शत्रूही पुष्कळदा परका नसे, रक्ताचं वैर धरलेलं शेजारचं कुळ असे. प्रत्येक कुळाचा स्वतःचा गड असेल तर एक गड पडल्याने मुलूख पडत नाही.

शस्त्रांबद्दल थोडं. शश्का ही त्यांची तलवार मुठीपाशी हात वाचवणारी आडवी पट्टी नसलेली, आणि म्यानात धार वर करून अडकवलेली. त्यामुळे उपसणं आणि वार करणं एकाच हालचालीत होतं. छातीवर शिवलेल्या नळ्या (गझीर) आता शोभेच्या असतात, पण तेव्हा एकेका नळीत बंदुकीच्या एकेका बाराची मोजलेली दारू असे, म्हणजे घोडा पळत असतानाही मोजायला थांबायला नको. अतागी गावच्या पात्यांना मोठं नाव होतं. आणि गंमत बघा, हा सगळा पोशाख आणि ही शश्का त्यांच्याशी लढणाऱ्या कोसॅक लोकांनी जशीच्या तशी उचलली. आज जगभर ‘कोसॅक पोशाख’ म्हणून जो ओळखला जातो तो या डोंगरातल्या लोकांचा.

आता लढाया. १७८५ साली अल्दी गावच्या उशुर्मा नावाच्या तरुणाने लोकांना एकत्र येण्याची हाक दिली. तोच शेख मन्सूर. त्याला पकडायला रशियन कर्नल पियेरीची तुकडी आली, मन्सूर सापडला नाही म्हणून तिने अल्दी जाळलं आणि परत फिरली. परतीच्या वाटेवर सुंझा नदीकाठच्या जंगलात चेचेनांनी तिला गाठलं. कर्नलसकट शेकडो शिपाई तिथेच संपले. मन्सूर १७९१ मध्ये अनापाचा तुर्की किल्ला पडला तेव्हा हाती लागला आणि श्लिसेलबुर्गच्या तुरुंगात १७९४ साली वारला.

मग आला रशियन जनरल येर्मोलोव्ह. १८१८ मध्ये त्याने ग्रोझ्नी किल्ला (आजची चेचेन राजधानी) बांधला, आणि पुढच्याच वर्षी दादी-युर्त हे गाव माणसांसकट नष्ट केलं. एका गावाचा असा धडा दिला की बाकीची गुमान येतील हा हिशोब. तो साफ चुकला. चेचेनांची पुढची पिढी त्या गावाच्या आठवणीवर वाढली.

चेचेन्या शेवटी हरला तो कुऱ्हाडीने. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. पायथ्याचा सगळा पट्टा बीचच्या घनदाट जंगलाचा. त्यात तोफ निरुपयोगी, घोडदळ निरुपयोगी. रशियनांनी हळूहळू ओळखलं की शत्रू माणूस नाही, झाड आहे. मग हिवाळ्यात, पानं झडलेली असताना, हजारोंच्या फौजा निघायच्या आणि निम्मे शिपाई पहाऱ्यावर, निम्मे कुऱ्हाडी घेऊन. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बंदुकीची गोळी पोहोचणार नाही इतकी रुंद पट्टी साफ करायची. वर्षामागून वर्षं हेच. रशियाविरुद्ध लढणाऱ्या डोंगरी लोकांचा नेता इमाम शमील याला याचा अर्थ बरोबर कळला होता. विनापरवाना झाड तोडलं तर झाडामागे एक जनावर दंड, असा त्याचा नियम होता असं सांगतात. शमील अवार होता, दागिस्तानातल्या गिम्रीचा, पण १८४० नंतर त्याच्या सत्तेचा दाणागोटा चेचेन्यातून यायचा आणि त्याचं ठाणंही चेचेन्यातच होतं, आधी दार्गो आणि नंतर वेदेनो. वेदेनो १८५९ मध्ये पडलं. त्याच वर्षी गुनीबच्या डोंगरावर शमीलने शस्त्र खाली ठेवलं.

आणि इथे बेनोय गावचा बायसंगूर येतो. लढायांत एक डोळा, एक हात, एक पाय गेलेला माणूस. घोड्यावर बसवून बांधावं लागे. शमील शरण जायला निघाला तेव्हा बायसंगूरने मागून हाक मारली, पण शमील वळला नाही, कारण चेचेन माणूस पाठीत गोळी घालत नाही हे त्याला ठाऊक होतं, अशी कथा चेचेन लोक सांगतात. कथा बाजूला ठेवली तरी पुढचं खरं आहे. बायसंगूर वेढा फोडून निसटला, १८६० मध्ये त्याने पुन्हा उठाव केला आणि १८६१ मध्ये खासाव-युर्तला त्याला फाशी दिलं. इमामाने तह केला, तो बायसंगूरला लागू झाला नाही. मी वर म्हटलं ते हेच.

नंतरचं भराभर सांगतो. १८७७ मध्ये अलीबेक-हाजीचा उठाव. मग झेलिमखान, खाराचोय गावचा अब्रेक, म्हणजे सरकारशी एकट्याने वैर धरून डोंगरात राहणारा. १९१० मध्ये त्याने किझल्यारच्या खजिन्यावर धाड घातली, १९१३ मध्ये तो मारला गेला. शेवटचा अब्रेक म्हणतात तो खासुखा मागोमादोव्ह १९७६ साली मारला गेला. म्हणजे ब्रेझनेव्हच्या काळात, माणूस अवकाशात जाऊन पंधरा वर्षं झाल्यावर!

मध्ये १९४४ ची हद्दपारी आहे. त्यावर दोन वाक्यांत लिहिणं बरं नाही, स्वतंत्र भाग लिहीन.

५ फेब्रुवारी २००० रोजी नोव्हीये अल्दीत रशियन पोलिसांच्या विशेष तुकड्या शिरल्या. दुसऱ्या चेचेन युद्धात ग्रोझ्नी पडलं होतं, गावात लढवय्ये कुणी उरले नव्हते. घरोघर जाऊन त्यांनी किमान ५६ जणांना मारलं, त्यांत म्हातारी माणसं होती, बायका होत्या. हे अल्दी म्हणजे मन्सूरचंच गाव. तिथल्या माणसाला इतिहास पुस्तकात शोधावा लागत नाही.

आज ग्रोझ्नीत गगनचुंबी इमारती आहेत, चकचकीत मशीद आहे आणि सगळ्या मुलखावर एका माणसाची हुकूमत आहे. दोनशे वर्षं जे रशियाला जमलं नाही ते शेवटी असं साधलं: चेचेनांना एक राजा दिला आणि त्याच्याशी करार केला.

फौजीकाका

लेख आवडला. मी पायदळात नोकरी केलेला माणूस, म्हणून दार्गोबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. १८४५ मध्ये रशियन सेनापती वोरोन्त्सोव्ह मोठी फौज घेऊन दार्गोवर गेला. शमीलने ते स्वतःच जाळून ठेवलं होतं. म्हणजे ‘विजय’ मिळाला आणि हाती राख. शिधा संपत आला म्हणून तो आणायला एक तुकडी जंगलातून मागे पाठवली, तिची जाता-येता कत्तल झाली. मग सगळीच फौज माघारी निघाली. चेचेनांनी वाटेवर झाडं आडवी पाडून ठेवलेली. पुढचे शिपाई ती हटवत थांबले की मागच्यांशी संपर्क तुटायचा, आणि नेमकं तेव्हा दोन्ही बाजूंनी वार. बीचच्या मोठ्या झाडांच्या फांद्यांतही बंदूकवाले बसलेले. तीन जनरल मेले, मेलेले-जखमी धरून चार हजारांच्या घरात. जनरल फ्रायताग मदतीला धावला म्हणून उरलेले वाचले.

आता पहिल्या चेचेन युद्धातली, १९९४ ची ३१ डिसेंबरची रात्र बघा. ग्रोझ्नीत रशियाची १३१ वी मायकोप ब्रिगेड रणगाडे घेऊन रेल्वे स्टेशनपर्यंत गेली. चेचेनांनी गल्लीत शिरलेल्या रांगेतली पहिली आणि शेवटची गाडी उडवायची, मधल्या अडकल्या की तळघरातून आणि वरच्या मजल्यावरून मारायचं. रणगाड्याची तोफ तेवढी खाली किंवा वर वळत नाही. जंगलाच्या जागी इमारती आल्या, एवढाच फरक.

पण देवराई, यात ‘रक्त’ वगैरे काही नाही हे तुमचं म्हणणं मला पटतं. चेचेनांचा सेनापती मस्खादोव्ह सोव्हिएत तोफखान्यात कर्नल होता. त्यांचा पहिला राष्ट्राध्यक्ष दुदायेव्ह हवाई दलात जनरल, एस्टोनियात तार्तूला बॉम्बर डिव्हिजन त्याच्या हाताखाली होती. खालचे पुष्कळ जण सोव्हिएत सैन्यात सक्तीची नोकरी करून आलेले. समोरच्याची शिस्तपुस्तिका त्यांना पाठ होती आणि समोरचे होते अठरा-एकोणीस वर्षांची, नकाशेही धड न दिलेली पोरं. त्या पोरांचाही मला राग येत नाही.

चौकस

माफ करा, पण बेस्लान कुठे आहे या लेखात? १ सप्टेंबर २००४, शाळेचा पहिला दिवस, हजाराहून जास्त ओलीस, ३३० च्या वर मृत, त्यांत १८६ मुलं. त्याआधी २००२ मध्ये मॉस्कोतलं नाट्यगृह, १९९५ मध्ये बुद्योन्नोव्स्कचं हॉस्पिटल. हॉस्पिटलात शिरून बाळंतिणींना ओलीस धरणाऱ्यांना परंपरेचे वारस म्हणायचं?

देवराई

चौकस, नाही म्हणायचं. बुद्योन्नोव्स्क आणि बेस्लान दोन्हींमागे चेचेन सेनापती शामिल बसायेव्ह होता आणि त्याने केलं ते निखालस पाप आहे. मस्खादोव्हने बेस्लानचा निषेध केला होता, पण त्याचं कुणी ऐकत नव्हतं, आणि इथेच माझ्या मुद्द्याची दुसरी बाजू येते. ऑगस्ट १९९६ मध्ये रशियाशी खासाव-युर्तचा करार झाला, जानेवारी १९९७ मध्ये मस्खादोव्ह निवडून आला, चेचेन्या जवळजवळ स्वतंत्र झाला. मग काय झालं? प्रत्येक सेनापती आपापल्या टोळीचा धनी. माणसं पळवून खंडणी घेणं हा धंदाच झाला. डिसेंबर १९९६ मध्ये नोव्हीये अतागीत रेड क्रॉसच्या सहा कर्मचाऱ्यांना झोपेत मारलं. १९९८ मध्ये फोनचं जाळं उभारायला आलेल्या चार परदेशी इंजिनियरांची मुंडकी रस्त्याकडेला सापडली. शेवटी ऑगस्ट १९९९ मध्ये बसायेव्ह आणि अरब लढवय्या खत्ताब दागिस्तानात घुसले आणि दुसऱ्या युद्धाला आयतं निमित्त मिळालं. राष्ट्राध्यक्षाला हे थांबवता आलं नाही. ज्या घडणीमुळे त्यांना कुणी जिंकू शकलं नाही, त्याच घडणीमुळे त्यांना स्वतःचं राज्य चालवता आलं नाही. यात पाश्चात्त्य, रशियन, अरब सगळ्यांचे हात आहेत, पण सगळा दोष बाहेरच्यांवर ढकलणं मला जमणार नाही.

उदयन_ता

‘राजा नव्हता म्हणून टिकले’ हे सूत्र थोडं जास्तच सोपं होतंय. शमीलची इमामत म्हणजे चक्क राज्यच होतं. नायब होते, कर होते, शरियतचे कडक कायदे होते, आणि चेचेन त्याखाली वीस वर्षं लढले. ते शमीलकडे गेले कधी? १८४० मध्ये, रशियन अधिकाऱ्यांनी गावोगाव शस्त्रं जप्त करायला सुरुवात केल्यावर. घरातली बंदूक काढून घेणं म्हणजे त्या माणसाची पतच काढून घेणं. दुसरं, क्रिमियाच्या युद्धात रशिया गुंतला नसता तर शमील आधीच संपला असता. ते युद्ध १८५६ मध्ये आटोपलं, रशियन सेनापती बर्यातिन्स्कीला दोन-अडीच लाखांचं सैन्य मिळालं, तीन वर्षांत खेळ खलास. मोठ्या राज्यांच्या सोयीगैरसोयीवरच छोट्या लोकांचं नशीब ठरतं.

देवराई

सैन्याच्या आकड्याचा मुद्दा मान्य. पण शमीलच्या राज्यावर चेचेन खूश नव्हतेच, त्याच्या नायबांच्या जुलमाबद्दल भरपूर तक्रारी होत्या. १८५० च्या दशकात गावंच्या गावं त्याला सोडून गेली ती निव्वळ रशियन तोफांच्या धाकाने नव्हे.

स्पष्टवक्ती

एवढ्या लांब चर्चेत बायका फक्त मारल्या गेलेल्यांच्या यादीत? दादी-युर्तचं घ्या. तिथून पकडून नेलेल्या ४६ मुलींनी तेरेक नदी ओलांडताना पहारेकऱ्यांना मिठ्या मारून पाण्यात उड्या घेतल्या, ही कथा चेचेन्यात प्रत्येकाला माहीत आहे. कादिरोव्हने २००९ पासून त्यांच्या नावाने सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारी महिला दिन सुरू केला. आणि त्याच २००९ च्या जुलैत नतालिया एस्तेमिरोव्हाला ग्रोझ्नीत घराजवळून पळवून गोळ्या घातल्या. ती मानवी हक्कांचं काम करणाऱ्या मेमोरियल संस्थेसाठी गावोगाव फिरून बेपत्ता माणसांची नोंद ठेवायची. मेलेल्या मुलींचा दिवस साजरा होतो, जिवंत बाईने प्रश्न विचारला तर हे.

जुन्या रिवाजात भांडणाऱ्या पुरुषांमध्ये बाईने डोक्यावरचा रुमाल फेकला की शस्त्रं थांबलीच पाहिजेत, असा नियम होता. ऐकायला छान वाटतं. पण त्याच समाजात ‘घराण्याची अब्रू’ म्हणून बाईचा जीव घेणारेही आहेत, आणि त्याला परंपरा म्हणून पाठीशी घालणारे सत्तेत बसलेत. परंपरेचं कौतुक करताना हे नजरेआड करू नका.

देवराई

अजिबात करणार नाही. एस्तेमिरोव्हाच्या नोंदी नसत्या तर त्या काळात गायब झालेल्या कितीतरी माणसांचा मागमूसही उरला नसता. मला विचाराल तर दुसऱ्या युद्धातला सगळ्यात धीराचा प्रतिकार तिचाच.

निरंजनवाट

एक नाव राहिलं: कुंता-हाजी किशियेव्ह. इल्सखान-युर्तचा धनगर, कादिरी पंथाचा सूफी. शमीलचं युद्ध ऐन भरात असताना हा माणूस सांगत होता की लढाई थांबवा, अशाने आपली जमातच उरणार नाही. शमीलने त्याला खपवून घेतलं नाही. गुनीबनंतर थकलेले लोक हजारोंनी त्याच्याकडे वळले. त्याचा झिक्र, म्हणजे ईश्वराचं नामस्मरण, मोठ्या आवाजात, गोल रिंगण धरून, टाळ्यांच्या आणि पावलांच्या ठेक्यावर, आधी सावकाश आणि मग धावत. रशियनांना या न लढणाऱ्या माणसाचीही भीती वाटली. जानेवारी १८६४ मध्ये त्याला अटक झाली. त्याला सोडा म्हणत शालीजवळ जमाव आला, त्यावर फौजेने गोळ्या झाडल्या, शंभराहून जास्त माणसं पडली. नोव्हगोरोड प्रांतात हद्दपारीत १८६७ मध्ये तो वारला, पण त्याचे पुष्कळ अनुयायी तो मेला हे मानतच नाहीत.

नंतर १९४४ ते ५७ कझाकस्तानात, मशिदी नाहीत, मुल्ला नाहीत, कमांडंटच्या परवानगीशिवाय गाव सोडायची सोय नाही, तेव्हा लोकांना धरून ठेवलं ते या घराघरातल्या झिक्रने. चेचेन प्रतिकारातला हा अर्धा भाग बिनशस्त्राचा आहे.

अम्मानकर

कामानिमित्त मी जॉर्डनमध्ये असतो, म्हणून भर घालतो. १८६५ मध्ये सुमारे पाच हजार चेचेन कुटुंबं उस्मानी मुलखात निघून गेली. वाटेत उपासमारीने आणि रोगांनी कितीतरी मेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चेचेन स्थलांतरितांनी झर्का वसवलं, आज ते जॉर्डनमधल्या मोठ्या शहरांपैकी एक आहे. तिथल्या एका चेचेन सहकाऱ्याच्या घरी लग्नाला गेलो होतो. दारातून म्हातारा माणूस आत आला की सगळी खोली उठून उभी राहायची, नवरदेवाच्या मित्रांसकट, आणि तो बसेपर्यंत कुणी बसायचं नाही. घरातली पोरं आपापसांत चेचेनच बोलत होती. इतक्या पिढ्यांनी, अरबी मुलखात!

चौकस

उत्तर पटलं, धन्यवाद देवराई. आता युक्रेनबद्दल एक प्रश्न. तिथे चेचेन दोन्हीकडून लढतायत म्हणतात ते खरं का?

देवराई

खरं आहे. रशियाकडून कादिरोव्हच्या तुकड्या. युक्रेनकडून २०१४ पासून दोन चेचेन बटालियन, एक दुदायेव्हच्या नावाची, दुसरी शेख मन्सूरच्या. दुदायेव्ह बटालियनचा प्रमुख इसा मुनायेव्ह फेब्रुवारी २०१५ मध्ये देबाल्त्सेव्हच्या लढाईत पडला. ऑक्टोबर २०२२ मध्ये युक्रेनच्या संसदेने इच्केरिया, म्हणजे स्वतंत्र चेचेन्या, हा रशियाने व्यापलेला प्रदेश असल्याचा ठराव केला.

पण खरी झुंज आता आठवणींवरून चालली आहे. २३ फेब्रुवारी १९४४ ला जवळजवळ पाच लाख चेचेन-इंगुश लोकांना मालगाड्यांत कोंबून मध्य आशियात नेलं, तो दिवस. कादिरोव्हने २०११ मध्ये शोकदिन तिथून हलवून १० मेला नेला, त्याच्या वडिलांच्या दफनाच्या दिवशी. २०१४ मध्ये रुस्लान कुतायेव्ह या कार्यकर्त्याने हद्दपारीच्या सत्तराव्या वर्षी ग्रोझ्नीत परिषद भरवली. दोन दिवसांत त्याला अटक झाली, खिशात हेरॉईन सापडल्याचा आरोप, चार वर्षांची शिक्षा. युरोपात पांगलेले चेचेन मात्र २३ फेब्रुवारीच पाळतात.

पुढचा भाग १९४४ वरच लिहितोय. निरंजनवाट, कझाकस्तानातल्या झिक्रबद्दल तुमच्याकडे आणखी काही असेल तर त्यात घालू या. व्यक्तिगत निरोप करतो.